हात लावू नये

सकाळपासून मी खुर्चीत नुसता चुळबुळत होतो. ताईची रक्त तपासायची लॅब माझ्या घरापासून चारशे किलोमीटर लांब, आणि तिथल्या मुख्य कंप्युटरवर मला इथे बसून नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची होती. ताई याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते. म्हणू दे. तिला या कामातलं ओ की ठो कळत नाही, हे मी तिला वेळोवेळी सांगितलेलं आहे.

त्या कंप्युटरचं दार सुरक्षित जोडणीतून फक्त माझ्या घरच्या इंटरनेटच्या पत्त्याला उघडतं. दुसरीकडून कुणी कितीही ठोठावलं, अगदी मी स्वतः माझ्या फोनवरून ठोठावलं, तरी ते ओ देत नाही. हा बंदोबस्त माझाच. राहिला तिथला कीबोर्ड. त्यावर मी सहा वर्षांपूर्वी ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: हात लावू नये.

लांबून सिस्टीम बदलताना एक क्षण असा येतो, की आपण मशीनला 'बंद होऊन पुन्हा चालू हो' असं सांगतो आणि आपलीच जोडणी तुटते. मग ते उठेल की नाही, उठलं तर आपल्याला ओळखेल की नाही, काही कळत नाही. म्हणून माझे पहिले साहेब म्हणायचे, विहिरीत उतरण्याआधी दोर बांधावा. तो दोर म्हणजे एक टायमर. ठरलेल्या वेळात मी परत आत येऊन 'थांब' म्हटलं नाही, तर मशीन समजतं की मी बाहेर अडकलो. ते नवी सिस्टीम आपणहून पुसतं आणि जुनी चढवून पुन्हा सुरू होतं. पंचवीस वर्षांत दोर न बांधता मी उतरलेलो नाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी मी दीड तासाचा दोर बांधला आणि एंटर दाबलं. जोडणी तुटली.

एक मिनिट झालं, तीन झाली. मी उठलो, खिडकी उघडली, बंद केली, परत बसलो. पाचव्या मिनिटाला ताईचा फोन.

"झालं का रे?"

"झालं की सांगेन ना."

"तसं नाही, शेजारच्या हॉस्पिटलातून नऊ दिवसांच्या बाळाचं रक्त येतंय. मिळालंय कसंबसं, थेंबभर. पुन्हा सुई टोचायला डॉक्टर तयार नाहीत. त्याच्या रिपोर्टवर पुढचं औषध ठरणार आहे."

"मग मला काम करू दे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. काम काही नव्हतंच, नुसती वाट पाहायची होती. पण जीव टांगणीला लागला की मला कुणाचा आवाज सोसत नाही, त्यातून ताईचा तर अजिबात नाही.

अकराव्या मिनिटाला मशीनने उत्तर दिलं. मी आत शिरलो. सगळं जागच्या जागी होतं. नव्या सिस्टीमने नवा पासवर्ड मागितला, बोटांनी सवयीने जुनाच दिला. फाइली, तपासणी यंत्राची जोडणी, प्रिंटर, एकेक करत सव्वा वाजला. खरं तर याच वेळी 'थांब' म्हणायचं असतं. पण ताईचा पुन्हा फोन आला आणि मी तिला ऐकवत बसलो, की पाहिलंस, चारशे किलोमीटरवरून, धक्कासुद्धा लागू दिला नाही, आणि तू उगाच घायकुतीला येतेस. ती ऐकून घेत म्हणाली, "बरं बाबा, मोठा झालास. मी बाळाचा नमुना लावते. पाऊण तास लागेल. मध्ये काही बंद पडणार नाही ना? अर्ध्यावर तुटलं तर नमुना वाया जाईल."

"मी असताना?" मी म्हणालो.

मग माझा लॅपटॉप मिटवून मी दाढी करायला खाली उतरलो. सलूनवाला माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं लांब, पण हात हलका. त्याने गळ्याला पांढरं कापड बांधलं, फेस लावला, एक गाल साफ केला. शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ केसांना काळा रंग थापून डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात सलूनवाल्याचा टायमर वाजला.

"चला काका, धुवून घेऊ. दोन मिनिटं जास्त ठेवला तर टाळूची आग होते."

मशीनला 'थांब' म्हणायचं राहूनच गेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. माझा दोर एक पन्नासला ओढला जाणार होता.

मी तसाच उठलो, कापडासकट. धावलो तरी दहा मिनिटं, वर चौथा मजला. फोनवरून आत शिरावं, तर ते दार मीच बंद करून ठेवलेलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. रस्त्यावर धावता धावता ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. रक्त घेताना ती फोन उचलत नाही. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा तिने उचलला; एक पंचेचाळीस झाले होते.

"ताई, मशीनसमोर जा. पळ."

"काय झालं?"

"माझं चुकलं. सगळं सांगतो नंतर. पाच मिनिटांत ते स्वतःला पुसणार आहे. कीबोर्ड घे."

"त्याच्यावर तुझी चिठ्ठी आहे."

"फाड ती."

कागद फाटल्याचा आवाज ऐकू आला. मी एका दुकानाच्या कट्ट्यावर टेकलो, एका गालावर फेस तसाच. ती घाबरली नव्हती. रोज अनोळखी माणसांच्या शिरा शोधणारी बाई ती, तिचा हात कशाला कापेल?

"पासवर्ड विचारतंय," ती म्हणाली.

आणि तेव्हा मला तो पासवर्ड आठवला. सहा वर्षांपूर्वी, 'हे कुठे दाबू' असं तिने पाचव्यांदा विचारलं होतं, त्या रागात मी तो ठेवला होता. आज पुन्हा तोच दिला होता.

"सांग ना."

"अक्षरं सांगतो, तशीच दाब. स्क्रीनवर काही दिसणार नाही. टी, ए, ए, आय, एल, ए..." पुढे माझी गाडी अडखळली. पासवर्ड माझ्या बोटांना पाठ होता, तोंडाला नव्हता. मी काहीतरी पुढे-मागे सांगितलं. तिने एंटर दाबलं.

"चूक म्हणतंय. दोन संधी राहिल्यात."

हाही बंदोबस्त माझाच. "थांब, परत पहिल्यापासून. टी, ए, ए..."

"नको," ताई म्हणाली. "अक्षरं नको सांगूस. वाक्य कळलं मला. ताईला काही कळत नाही. सगळं जोडून ना?"

"हो," म्हणालो.

एकामागून एक कळा वाजल्या, सावकाश, एकही न चुकता.

"उघडलं. पुढे?"

"थांब लिही. इंग्रजी अक्षरांत. आणि एंटर."

"टायमर रद्द, असं आलंय. एक मिनिट चाळीस सेकंद उरले होते."

"यंत्र चालू आहे?"

"चालू आहे. ठेवते आता. बाहेर माणसं खोळंबलीत."

मी सलूनमध्ये परत गेलो. सलूनवाल्याने काही न विचारता दुसरा गाल केला. आरशात पाहायची मला लाज वाटत होती, म्हणून डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मीच फोन केला. बाळाचा रिपोर्ट वेळेत गेला, औषध सुरू झालं, असं तिने सांगितलं. माफी मागायची मला सवय नाही. मी म्हणालो, "ताई, तो पासवर्ड मी आत्ताच बदलतो."

"बदलू नकोस," ती म्हणाली. "तुला आठवला नाही, तर मला विचारता येईल."