रिलीव्हचा कर्ता

लाल पेनाचं टोपण प्रेमिलाबाईंच्या दातांत होतं आणि चव तीच जुनी, वह्या तपासतानाची, किंचित कडवट – नंदनवनातल्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या, तरी दातांची खोड काही गेली नव्हती. आज पुढ्यात वही नव्हती, एकच कागद होता. पियुषचा, त्यांच्या मुलाचा. उद्या अकराला कारखान्याच्या चौकशी समितीपुढे द्यायचा जबाब. "आई, याचं इंग्लिश जरा पाहून दे वं," म्हणून ठेवून गेला आणि आत कूलरपुढे जाऊन पडला.

चूक तिसऱ्याच ओळीत सापडली. ‘आय रिलीव्ह्ड रोशन ॲट टू पी.एम.’

बाईंना हसूच आलं. बॉयलरवर आठ वर्षं काढली आणि हे? पाळी बदलताना जो येतो तो रिलीव्ह करतो, जो जातो तो रिलीव्ह होतो. येणारा कर्ता, जाणारा कर्म. कारखान्यातली मंडळी बोलताना हे क्रियापद उलटंसुलटं वापरतात, ‘त्याले रिलीव्ह करून निघालो’ म्हणतात, आणि मराठीत ते खपूनही जातं. इंग्रजीत खपत नाही. पियुषची पाळी सहा ते दोन, रोशनची दोनपासून पुढे. म्हणजे रोशननं पियुषला सोडवलं. या वाक्याप्रमाणे मात्र रोशन गेला आणि बॉयलरपाशी पियुष उरला – आणि पावणेतीनला वाफेचा पाइप फुटला तेव्हा… खाली हेल्पर अंकित उभा होता. चार दिवस झाले, पोराला अजून शुद्ध नाही.

हसू तिथंच थांबलं.

दोनला सुटलेला माणूस तीनपर्यंत घरी येतो. त्या दिवशी भाजी दोनदा गरम केली होती… तो आला सातला, बूट न काढता मोरीत शिरला, आणि नळ कितीतरी वेळ वाहत राहिला. ‘रस्त्यात जाम होता’ म्हणाला. बातमी कळली तेव्हा मी काय म्हटलं? बरं झालं बाबा, तू सुटला होतास. तो ‘हो’ म्हणाला. एवढंच. छातीवरचं ओझं उतरलं माझ्या, आणि त्या उतरण्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद.

आज सकाळी रोशनचा फोन आला होता. "मॅडम, पोरगी झाली. त्याच दिवशी, साडेतीनले. पिंकीजवळ मीच होतो." मग उगाच घसा खाकरून, "पियुषमुळंच…" बाईंनी अभिनंदन केलं, कुकर लावला. तेव्हा डोक्यात काहीच कसं शिरलं नाही, की शिरू दिलं नाही…

त्या कागद घेऊन आत गेल्या.

"तू त्याले सोडवलं, का त्यानं तुले?"

पियुषनं डोळे उघडले नाहीत. "रजिस्टरवर सही त्याचीच हाय. सही केली अन् फोन आला, पिंकीले कळा सुरू झाल्या म्हणून. मीच म्हटलं, जाय गा, मी पाहून राहिलो इथं."

"मंग?"

"मंग डोळा लागला, आई. नववा तास होता."

"मंग हे वाक्य बरोबर हाय."

"तू पाह्य," तो भिंतीकडे वळला. "इंग्लिश तुलेच समजते."

आणि बाईंना कळलं. याच क्रियापदावर शाळेत त्यांनी त्याच्याकडून दहा वाक्यं लिहून घेतली होती. हा अशी चूक करणारा नव्हताच. खरं त्यानं स्वतः लिहिलं होतं आणि खोटं आईच्या हातावर सोडून तो निजला होता. राग आला, सणकून आला. पण आपलेच दात, आपलेच ओठ. पहाटे बुद्धवंदनेत चौथं शील म्हणताना, खोट्यापासून दूर राहीन म्हणताना, जीभ कुठं अडखळली नव्हती…

रिलीव्ह. दुःख हलकं करणं. पाळी घेणं. पदावरून काढणं. आणि चौथा, थट्टेतला अर्थ, जो सांगितला की वर्ग नेहमी खिदळायचा: माणसाला त्याच्या वस्तूपासून मोकळं करणं, म्हणजे सरळ चोरणं. रोशनकडे चोरण्यासारखं काय आहे? नोकरी. नाव. चार दिवसांची पोर.

त्या पुन्हा टेबलाशी बसल्या. आत काहीतरी आडवं येईल असं वाटलं होतं. कागदावर अजून काही उमटलं नव्हतं, पण मनात वाक्य केव्हाच फिरलं होतं – ‘रोशन रिलीव्ह्ड मी ॲट टू पी.एम.’ – आणि बाई सवयीनं ते तपासत होत्या: कर्ता, काळ, कर्म… सगळं जागच्या जागी. वाक्य निर्दोष होतं. आणि आत कुठंच काही दुखेना, याचंच त्यांना भय वाटू लागलं.