रानात न घ्यायचं नाव

मी कापूर बोलतोय. तुमच्या आरतीच्या ताटातली वडी नव्हे, तिचं नाव. शब्दालाही जन्म असतो, मालक असतात, आणि कधी कधी पापही चिकटतं.

मलय भाषेत आणि तिच्या बहीणभाषांत मी म्हणजे आधी पानाला लावायचा चुना. पुढे रानातल्या एका उंच झाडाच्या पोटात चुन्यासारखे पांढरे खडे सापडले, त्यांनाही माझंच नाव मिळालं. मी जहाजात बसून तुमच्याकडे आलो की तुमच्याकडून तिकडे गेलो, यावर पंडित अजून भांडतात. खरं सांगायचं तर मलाही नीट आठवत नाही.

मलय मुलखाच्या दक्षिण टोकाला, जोहोरच्या रानातले जाकुन लोक हे खडे शोधायला निघाले की मला घरी टाकून जायचे. रानात माझं नाव घेतलं तर खडे झाडातून उडून जातात, अशी त्यांची श्रद्धा. तिथली बोलीच वेगळी. तांदूळ म्हणजे 'गवताचं फळ', मी म्हणजे 'ते वासाचं'.

एका वर्षी त्यांच्यातला म्हातारा पांजांग कुटुंबकबिल्यासह अकरा दिवस रानात होता. तांदूळ संपलेला. सून मेलोरची लहानगी लेक तापाने फणफणत होती आणि उकडलेले कंद तिच्या पोटात ठरत नव्हते. खडे मिळाले तर किनाऱ्यावरचा व्यापारी तांदूळ देणार, मग पोरीला पेज.

बाराव्या सकाळी झाड ठरलं. पुरुषांनी कुऱ्हाडी उचलल्या. सासू पान जुळवत बसली होती. जागरणाने पेंगुळलेल्या मेलोरने सवयीने विचारलं, "आई, कापूर देऊ?"

तिला चुनाच म्हणायचा होता. पण कुऱ्हाडी थांबल्या.

"जीभ झडो तुझी," सासू म्हणाली. "लेकीच्या तोंडचा घास घालवलास."

झाड पाडलं. आत काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

ते झाड आधीपासूनच रिकामं होतं हो. मी नुसता शब्द, खडे उडवायचं बळ माझ्यात कुठलं? पण माझी साक्ष कोण काढणार? नवऱ्याने मेलोरला समजावलं, "झाडं रिकामीही निघतात गं."

ती म्हणाली, "मग अकरा दिवस आपण जीभ का आवरली होती?"



आता तिथे तेलताडाचे मळे आहेत. रानबोली येणारं कुणी उरलं नाही. माझ्यावरची बंदी उठली, कारण ऐकायला झाडच राहिलं नाही.

तुम्ही मला रोज मोकळेपणी हाक मारता. मारा, पण एकदा तिच्यासाठी हळू मारा. मेलोर म्हातारी होऊन गेली. पान शेवटपर्यंत खायची, पण चुना न लावता. तिचं तोंड पुन्हा कधी रंगलं नाही.