माफीचा कार्यक्रम

माफी मागायला माइक कशाला लागतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता पडतो, आणि डोकं नुसतं भणभणतं.

मुलीचं नाव तुळसा सांगते. खरं नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेलच. नाते गावाच्या वर कातकरवाडी आहे, तिथली ही पोर. घरच्यांच्या हातापाया पडून मी तिला महाडला, मी शिकवते त्या कॉलेजात आणलेली. वसतिगृहात तिच्या वर्गातल्या दीप्तीचा फोन हरवला आणि रेक्टरबाईंनी इतक्या मुलींमधून एकट्या तुळसाची पेटी उपसली. का, तर कातकरी, म्हणजे चोरच! फोन पुढे दीप्तीच्याच गादीखाली निघाला. तोवर तुळसा घरी निघून गेली होती.

मी प्राचार्यांशी कडाकडा भांडले. "जाहीर माफी मागा, तरच ती परत येईल," म्हटलं. मी बौद्धवाडीतली. अन्याय झाला की चव्हाट्यावर मांडायचा, त्याची आठवण दरसाल जागवायची, हे आमचं बाळकडू. मार्चात चवदार तळ्यावर लोटणारी माणसं बघतच मी मोठी झाले. विसरलो की मेलो, असं आमचे आप्पा म्हणत.

प्राचार्य भला माणूस. त्यात आदिवासींच्या सन्मानाबद्दल विद्यापीठाचं पत्रकही आलेलं. झालं! मंडप आला, फलक आला, शाल-श्रीफळ आलं. तुळसा आणि तिचे आजोबा सोमाबाबा पहिल्या रांगेत बसले. प्राचार्यांनी मनापासून हात जोडले. "तुळसावर आम्ही चोरीचा खोटा आळ घेतला. हा दिवस दरवर्षी पाळू," असं ते म्हणाले. मी तर हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या.

सोमाबाबा उठले, शाल खुर्चीवर ठेवली आणि नातीला घेऊन चालते झाले.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत वाडी चढले. "अहो बाबा, अख्खं कॉलेज तुमच्यापुढं वाकलं. आणखी काय पाहिजे होतं?"

"बस गो बाय आधी," म्हातारा म्हणाला. "आमच्या वाडीत चुकला तो घरी येतो, कबूल करतो. मग सगली एकत्र भाकर खातात. भाकर खाल्ली का त्या गोष्टीचा नाव कोनी काढायचा नाय. तुमी तर दरसाल काढनार. माझी नात नि चोरी, एका दमात, दरसाल!"

"पण आळ खोटा होता, असंच म्हणाले ना ते?"

"खोटा कोन ध्यानात ठेवतो? चोरी ठेवतात."

तरी म्हटलं, "आणि सगळे विसरले, तर उद्या दुसऱ्या मुलीची पेटी उपसतील त्याचं काय?"

"ता बी खरा हाय," म्हणत त्यांनी डोकं खाजवलं.

तुळसा चुलीपाशी होती. मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला शिकायचा हाय, मॅडम. पण मी आता तुळसा नाय राहिले. कार्यक्रम झालेय."

मला रडूच आलं. कॉलेजच्या वतीने मी चूक कबूल केली, त्यांच्यात बसून भाकरी नि सुकट खाल्ली, आणि उतरले. ती येणार की नाही, काही कळलं नाही.

सोमवारी माझा तास चालू असताना ती दारात उभी राहिली. लगेच अख्खा वर्ग उठला. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. दीप्ती हात जोडून पुढे धावली. तुळसाचा एक पाय मागे गेला. आता ही गेली, कायमची गेली, असं वाटलं, आणि मी ओरडले, "ए! ही काय यायची वेळ? बाहेर उभी राहा! आणि तुम्ही काय वरात आल्यासारखे उभे राहिलात? बसा खाली!"

सगळे खाली बसले. दीप्ती चाचरत म्हणाली, "मॅडम, निदान तिला तरी..."

"का? ती काय आभाळातून पडलीय?"

तुळसा बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. मी फळ्यावर काय लिहीत होते, देव जाणे. थोड्या वेळाने दारातून आवाज आला, "सॉरी मॅडम. येऊ आत?"

"ये. वही काढ."

ती आली, बाकावर बसली आणि शेजारणीच्या वहीत डोकं घातलं.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माझ्याविरुद्ध लेखी तक्रार आली होती, आदिवासी विद्यार्थिनीचा भर वर्गात अपमान केल्याची. खाली दीप्तीची सही.

"तुम्ही? उज्ज्वलाताई, तुम्ही असं वागावं?" त्यांना खरंच कळेना. "काही कारण असेल तर सांगा. मला लिहून घ्यावं लागेल."

कारण सांगायचं म्हणजे सगळं पुन्हा काढायचं. मी बरोबर केलं की चूक, तेही मला धड कळत नव्हतं.

"कारण काही नाही, सर," मी म्हटलं. "तिला उशीर झाला होता."