थोरलीचा मान

सकाळी कॅलेंडरचं पान फाडायचं काम माझं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहणारे मराठी, म्हणून तमिळ कॅलेंडर, रोजचं एक पान. फाडलं की मी तिथी मोठ्याने वाचायची आणि मामंजींनी झोपाळ्यावरून "सरी" म्हणायचं. सरी म्हणजे ठीक. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून मामंजींचं कौतुक माझ्या वाट्याला आलं ते एवढंच.

यंदा भाद्रपद लागला आणि धाकटा दीर प्राणेश अथेन्सहून बायकोला घेऊन आला. एलेनी तिचं नाव. तिकडे शाळेत जुनं ग्रीक शिकवते, आणि प्राणेशने तिला आमचं मराठीही शिकवलंय.

"तृतीया," मी वाचलं.

"त्रीती!" ती म्हणाली. "आमच्यात तिसरीला त्रीती म्हणतात."

मामंजींनी झोपाळा थांबवला. "आणि चौथी?"

"तेतार्ती."

"पाचवी?"

"पेम्प्ती."

मामंजींनी चक्क टाळी वाजवली. संस्कृत शिकवण्यात जन्म गेला त्यांचा, पण टाळी वाजवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग रोज तेच. वाचायची मी, टाळी तिला. षष्ठीला तर कहर झाला. सहावी जुन्या ग्रीकात हेक्ते, आताच्या ग्रीकात एक्ती. "ह गळाला गे संगीता!" मामंजी मला स्वयंपाकघरात येऊन सांगून गेले, जणू आमचाच ह गल्लीत हरवला होता. मी सांबाराला फोडणी घालत होते. त्या सांबाराला आजवर कोणी टाळी वाजवली नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

सुरेंद्र, माझा नवरा, म्हणाला, "नव्याची नवलाई आहे, सोड."

सोडते कसली? सप्तमीला गौरी यायच्या होत्या. आमच्या घरी दोन मुखवटे, थोरली आणि धाकटी. थोरलीला थोरल्या सुनेने आत आणायचं. दुसरी सून नव्हती म्हणून मी आधी थोरलीला आणायची, मग परत बाहेर जाऊन धाकटीला. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. उंबऱ्यावर पाय धुणारं कोणी नाही, तांब्या कलंडवून माझे मीच धुऊन घ्यायची. पण थोरली माझी होती. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

षष्ठीच्या दुपारी मागच्या विहिरीपाशी मामंजींचा आवाज आला. एलेनीकडून काहीतरी घोकून घेत होते.

"तुमच्यात एकाला काय म्हणतात?"

"एना."

"आणि पहिलीला?"

"प्रोती."

"म्हणजे तुमच्यातही एकातनं पहिली निघत नाही! सरी. आता मराठीत सांग. उंबऱ्यावर काय म्हणायचं?"

"पहिली आली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे थोरली आता हिच्या हातात! चार दिवसांची पाहुणी पहिली, आणि मी? मत्सर म्हणतात तो हाच, आणि मला त्याची लाजही वाटेना.

सप्तमीला अंगणातून निघताना मी थोरलीचा मुखवटा सरळ तिच्या ताटात ठेवला आणि धाकटी स्वतः घेतली. कोणी काढून घेण्याआधी आपणच द्यावं.

"अक्का, ही नको," ती गडबडून म्हणाली.

"घे म्हणते ना. हो पुढे."

मामंजी उंबऱ्यावर तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी दोन्ही ताटं पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे काय गे संगीता?"

"तुमच्या मनासारखं," मी म्हटलं.

एलेनीने आपलं ताट शेजारी उभ्या प्राणेशच्या हातात दिलं. माझ्या ताटातली धाकटी उचलून तिकडे ठेवली आणि थोरली माझ्याकडे दिली. मग मामंजींच्या हातातून तांब्या घेऊन, पदर खोचून खाली बसली आणि दूधपाण्याने माझे पाय धुतले. अगदी बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. हळदकुंकू लावलं आणि घराकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "पहिली आली!"

"तुझी सासू आणि तिची थोरली जाऊ असंच करायच्या," मामंजी म्हणाले. "धाकटीने थोरलीचे पाय धुवायचे. तुझे धुणारी कोण होती घरात? म्हणून हिला शिकवलं."

थोरलीला घेऊन मी उंबरा ओलांडला. पाय ओले होते, डोळेही. इतक्यात मागे टाळी वाजली. मी वळून पाहिलं, तर मामंजी एलेनीकडे बघत होते.

"किती स्वच्छ म्हणाली गे ती!" ते मला म्हणाले.

"सरी," मी म्हटलं.