सपाट केलेलं टेकाड

बाबारावांनी लेव्हलच्या नळीला दोनदा टिचकी मारली. पाण्यात अडकलेला बुडबुडा वर सरकून फुटला, तसं त्यांनी पलीकडच्या टोकाला उकिडव्या बसलेल्या डोमाजीला ओरडून विचारलं,

“किती?”

“रेषेवर!” डोमाजी तिकडून ओरडला. “सुतभर फरक नाई!”

मैत्रेयी फाट्यावरून उन्हातून चालत आली होती. पाठीवर सॅक, काखेत नकाशांची गुंडाळी, आणि छातीशी धरलेलं पुठ्ठ्याचं मोठं खोकं. वस्ती ओलांडून ती मागच्या बाजूला आली आणि जागच्या जागी थांबली. इथे टेकाड होतं. खडकसावंगीच्या बौद्ध वस्तीमागचं, पुरुषभर उंचीचं, एका अंगानं नाल्याकडे हळूहळू उतरत गेलेलं मुरमाचं टेकाड. मधोमध बैलगाडीएवढा काळा गोटा. बाभुळगाव तालुक्यातल्या एकाही माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता. आता तिथे साठ पावलं लांब आणि पंचवीस पावलं रुंद असं लख्ख मैदान होतं. नाल्याच्या कडेला मुरमाचा आणि फोडलेल्या काळ्या दगडांचा ढीग लागला होता.

“आली मायी पोट्टी!” बाबाराव नळी टाकून लगबगीनं आले. साठीचा माणूस, पण चाल अशी की जणू बक्षीस घ्यायलाच निघाला आहे. त्यांनी डोमाजीकडून लोटा मागून घेतला आणि तिच्या पायाशी पाणी ओतलं. “पाह्य. पाह्य न! कोनीकडं जावं त्या पान्याले समजतच नाई.”

पाणी खरंच कुठेच गेलं नाही. होतं तिथेच पसरलं आणि मुरमात जिरून गेलं.

“बोल न काई,” बाबाराव म्हणाले.

“लय सपाट झालं, बाबा,” मैत्रेयी म्हणाली. तिची नजर गोटा होता त्या जागेवर होती.

हे टेकाड तिनं दोन वर्षांपूर्वी, चीनहून सुट्टीवर आली असताना, हात-हातभर मोजलं होतं. नागपूरला वास्तुकलेची पदवी घेऊन ती शिष्यवृत्तीवर चीनमध्ये हांगझोऊला शिकायला गेली. तिथल्या तिच्या शिक्षिका, शूबाई, तिला एकदा डोंगरातल्या एका खेड्यात घेऊन गेल्या. तिथे त्यांनी बांधलेलं वाचनालय होतं. पाडलेल्या घरांची जुनी कौलं आणि फुटक्या विटा एकावर एक रचून भिंती उभ्या केलेल्या. डोंगर जसा चढत जातो तशी आतली जमीनही पायरीपायरीनं चढत गेलेली, आणि एका खोलीत तर डोंगराचा खडकच भिंतीतून आत आलेला. त्या खडकाला टेकून एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती, शेजारी तिची नात मोठ्यानं धडा वाचत होती. मैत्रेयीला आपला गोटा आठवला. लहानपणी तिचा सगळा अभ्यास त्याच्याच सावलीत झाला होता, कारण घरात दिवसा पत्रा तापायचा.

तिनं वस्तीसाठी अभ्यासिकेचा आराखडा काढला तो त्या गोट्याभोवती. तीन खोल्या उतारावर तीन पायऱ्यांनी बसवलेल्या, भिंती टेकाडाच्याच दगडाच्या, आणि मधल्या खोलीत गोटा. शूबाईंच्या संस्थेनं तीन देशांतल्या तीन खेड्यांत अशा इमारती स्वखर्चानं, गावच्याच माणसांच्या हातून बांधायचं ठरवलं होतं. मैत्रेयीची अभ्यासिका त्या तिनांत निवडली गेली. अट एकच होती: जमीन कापायची नाही. उतार, दगड, झाड, जे जसं आहे ते तसं ठेवून बांधायचं. शेवटची मंजुरी जागा पाहून मिळणार होती, आणि जागा पाहायला शूबाई उद्या सकाळी येणार होत्या.

हे सगळं तिनं हांगझोऊच्या परीक्षकांना समजावून सांगितलं होतं, नागपूरच्या कॉलेजात भाषण देऊन सांगितलं होतं. गवंडी बापाला मात्र फोनवर नुसता नकाशा पाठवला, घरी गेल्यावर निवांत सांगू म्हणून. सगळ्या जगाला सांगून झालं आणि ज्याच्या हातानं इमारत उभी राहायची तोच राहून गेला! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

घरी रुखमाबाईंनी पोरीपुढे भाकर आणि वांग्याची भाजी ठेवली आणि पदरानं वारा घालत बसल्या.

“बारा दिस,” त्या म्हणाल्या. “तीस घरं, घरागनीक एक मानूस. सकाळी सहा वाजता सारे घमेले घेऊन हजर. मजुरी कोनी इचारली नाई. तो गोटा तं डोमाजीनं एकट्यानं फोडला, सात दिस घण मारून राह्यलता. हात सोलले त्याचे.”

“काहून पन, माय?”

“काहून म्हंजे? इमारत निघाली तं वर्षभर काम लागन न साऱ्याइले.”

ते खरंच होतं. औंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि त्याबरोबर गवंड्याचं कामही खाल्लं. कापूस घरात आला की माणूस एखादी भिंत वाढवतो, न्हाणी बांधतो, ओट्याला फरशी लावतो. नाही आला की छपराला ताडपत्री बांधून गप्प बसतो. बाबारावांनी दिवाळीपासून थापी हातात धरली नव्हती. डोमाजीच्या जावयाचे डोळे फवारणीत गेले होते, त्याचीही दोन पोरं आता डोमाजीच्याच घरी जेवत होती.

बाबाराव हातपाय धुऊन आले आणि पाटावर टेकले. पुठ्ठ्याचं खोकं उघडं होतं. आत मैत्रेयीनं पातळ पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून टेकाड केलं होतं आणि त्यावर अभ्यासिका बसवली होती. त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली.

“हा नकाशा तू फोनवर धाडला तवा मले रातभर झोप नाई,” ते म्हणाले. “एक खोली वर, एक खाली, पायऱ्याच पायऱ्या, अन् मधात गोटा. म्या म्हनलं, पोरगी येवढी शिकली, चीनले जाऊन आली, अन् जागा वाकडी म्हनून तिले वाकडं काढा लागून राह्यलं.”

मैत्रेयीचा घास तोंडातच राहिला.

“माया बापाले गावानं खडक देला. गावाले वावर, आमाले खडक. जलमभर आमी खाटेच्या दोन पायाखाली दगड लावून झोपलो, मैत्रे. तुयी इमारत तरी सपाटीवर पाह्यजे का नाई? आता सरळ काढ. बिनघोर काढ.”

“हो, बाबा,” ती म्हणाली. रुखमाबाईंनी भाकर वाढायला हात पुढे केला, तर तिनं ताटावर हात आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला नागपूरहून गाडी आली. बायांनी निळ्या काठाचा शेला आणला होता, पोरींनी कागदी फुलं केली होती. वस्तीतलं झाडून सारं माणूस मैदानाच्या कडेनं उभं होतं. चिनी बाई म्हणजे कशी असेल याची सगळ्यांना उत्सुकता, आणि निघाली ती तर आपल्याच एखाद्या मास्तरणीसारखी: बुटकी, केस पांढरे, पायात साधे कापडी बूट. शेला खांद्यावर घेऊन शूबाई सगळ्यांना वाकून नमस्कार करत पुढे आल्या आणि मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी मैत्रेयीच्या काखेतला नकाशा घेऊन उलगडला. एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा समोर. मग नकाशा फिरवून धरला आणि स्वतःही फिरल्या.

“टेकडी कुठे आहे?” त्यांनी हळूच चिनीत विचारलं.

“आपण तिच्यावरच उभ्या आहोत,” मैत्रेयी म्हणाली.

शूबाईंनी नकाशावर बोट ठेवलं, तिथून सहा पावलं मोजली आणि जिथे गोटा होता त्या जागेवर जाऊन थांबल्या. तिथे आता मुरूम चोपून बसवला होता.

“कोणी केलं हे?”

“माझ्या वडिलांनी. माझ्यासाठी.”

“त्यांना तू सांगितलं नव्हतंस?”

“नाही.”

शूबाई ढिगापाशी गेल्या. एका ताज्या फुटलेल्या काळ्या दगडावर त्यांनी तळवा टेकवला आणि चटका बसला तरी लगेच उचलला नाही.

“आमच्याकडे यंत्रं लावून डोंगर कापतात,” त्या म्हणाल्या. “तेव्हा मी कचेरीत जाऊन भांडते, आरडाओरडा करते. इथे कोणाशी भांडू?”

“आता काहीच होणार नाही का?”

“दुसरी जागा आहे?”

“आमच्याकडे दुसरी जागा नाही.”

“मग मला जे दिसलं ते लिहावं लागेल. मी खोटं लिहू शकत नाही.” शूबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी उन्हाचं निमित्त करून ते शेल्यानं पुसले.

बाबाराव चार पावलांवर टोपी हातात घेऊन उभे होते. “काय म्हन्ते बाई?” त्यांनी विचारलं.

सगळी वस्ती मैत्रेयीच्या तोंडाकडे पाहत होती.

“म्हन्ते, असं सपाट काम चीनमंदी बी पाह्यलं नाई,” ती म्हणाली.

डोमाजीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. शूबाईंना काही कळलं नसावं, पण त्या बाबारावांसमोर आल्या आणि कमरेतून खोल वाकल्या. बाबारावांनी हात जोडले, “जयभीम, बाई,” म्हणाले. ते काही हसले नाहीत. चहा झाला, चिवडा झाला, फोटो झाले, आणि गाडी धूळ उडवत फाट्याकडे गेली.

“मंजुरीचा कागद कधी येईन?” डोमाजीनं विचारलं.

“येईल महिन्याभरात,” मैत्रेयीनं सांगितलं, आणि डोकं दुखतं म्हणून ती घरात जाऊन पडली. आज नाही, उद्या सांगू, सकाळी सगळ्यांना बसवून सांगू, असं ती दिवसभर स्वतःला बजावत राहिली.

सकाळी जागी झाली तेव्हा बाबारावांची खाट रिकामी होती. खोक्यातल्या पुठ्ठ्याच्या टेकाडावरची अभ्यासिका कोणीतरी अलगद उचलून कोनाड्यात ठेवली होती, आणि टेकाड गायब होतं.

ती तशीच अनवाणी मागे धावली. बाबाराव एकटेच होते. पुठ्ठ्याचं टेकाड त्यांनी जमिनीवर ठेवलं होतं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला होता, आणि घमेल्यात ढिगातला मुरूम भरभरून ते मैदानाच्या मध्यावर आणून ओतत होते. गुडघाभर ढिगारा झाला होता. काळ्या दगडाचे पाच-सहा तुकडे त्यांनी एकमेकांना लावून पाहिले होते, पण ते काही जुळले नव्हते.

“बाबा, काय करून राह्यले तुमी?”

“मी गवंडी आहो, मैत्रे,” ते मान वर न करता म्हणाले. “मले चिनी नाई येत. नकाशा येते. बाई नकाशातला गोटा धुंडत होती. अन् तू म्हन्ते सपाट काम चांगलं झालं म्हनून.”

मैत्रेयीला रडू फुटलं. “मी सांगाले पाह्यजे होतं. चूक मायी आहे, बाबा. तुमची नाई.”

“ते जाऊ दे. गोटा नेमका कुठवर होता तेवढं दाखव.”

“आता नाई होत ते. बाई नाई म्हनून गेली. सारं संपलं.”

“संपलं,” बाबाराव म्हणाले. ते घमेलं पालथं करून त्यावर बसले. “मलेही समजते. भरावावर पाया बसत नाई, हे मले कोन सांगन? शंभर घरं बांधली मी.” त्यांनी दोन्ही तळहात पाहिले आणि धोतरावर पुसले. “आता ह्या लोकाइले काय सांगू? माया शब्दावर आलते सारे. बारा दिस राबले उपाशीतापाशी. आता कोन्या तोंडानं सांगू का म्याच बुडवलं?”



तेवढ्यात वस्तीच्या बाजूनं डोमाजीचा आवाज आला. घमेल्याचा ठणठणाट त्यानं लांबूनच ऐकला असावा. हातांना फडकं गुंडाळून, डोक्यावर घमेलं पालथं घेऊन तो जवळजवळ पळतच आला. उकरलेला ढीग, मधला ढिगारा आणि बापलेक दोघंही पाहून त्याचा चेहरा उजळला.

“च्यामायले, बाबाराव! कागद याच्या आधीच कामाले सुरुवात झाली अन् मले हाक नाई?”

बाबारावांनी मैत्रेयीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नको, म्हणून. आत्ताच सांगा, म्हणून. डोमाजी दोघांकडे आळीपाळीनं पाहत उभा होता, आणि त्याच्या मागे दोन बाया, मग तीन माणसं, मग आणखी काही जण घमेली, फावडी घेऊन गल्लीतून बाहेर पडत होते.

“हो,” बाबाराव उठत म्हणाले. “झाली सुरुवात. त्या कोपऱ्यापासून मुरूम घे, डोमाजी.”

मग त्यांनी पुठ्ठ्याचं टेकाड उचलून मैत्रेयीच्या हातात दिलं.

“माप सांग त्याइले,” ते म्हणाले.

डोमाजी पहिलं घमेलं भरून, कुठे ओतायचं ते विचारायला तिच्यासमोर येऊन उभा राहिला.