उकिडव्यांची रेघ

"मिस्टर उकिडवे, तुमचे ठिपके अजून हातातच आहेत," मिसेस हॉलंड हसून म्हणाल्या, तशी शाळेच्या कॅफेटेरियातली सगळी माणसं मागे वळून पाहू लागली.

खरंच होते. हिरव्या गोल ठिपक्यांचा तो कागद श्रीरंग उकिडव्यांनी इतका वेळ धरून ठेवला होता की त्याची कड घामानं मऊ पडली होती. समोरच्या भिंतीवर दोन मोठे नकाशे लावले होते. ज्याला जो नकाशा पसंत, त्यानं त्यावर ठिपके चिकटवायचे. बोलायची सक्ती नाही, वादावादी नाही. स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावातल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, असिस्टंट सुपरिंटेंडंट मिसेस हॉलंड यांना ही पद्धत फार लोकशाहीची वाटत असे.

२००६ सालचा फेब्रुवारी होता. डॅलसच्या उत्तरेचं हे उपनगर इतक्या झपाट्यानं वाढत होतं की हायवेच्या अलीकडची नवी शाळा मुलांनी फुगली होती आणि पलीकडच्या जुन्या शाळेत वर्ग ओस पडले होते. कुठल्या रस्त्यावरची मुलं कुठल्या शाळेत जातील, त्या सीमा नव्यानं आखायला डिस्ट्रिक्टनं नागरिकांची समिती नेमली होती. पहिल्या नकाशात सगळी मुलं होती तिथंच राहत. फक्त मैदानात तात्पुरत्या खोल्या उभारायच्या. दुसऱ्या नकाशात 'द लेक्स' या अपार्टमेंटमधली सगळी मुलं हायवेपलीकडं जात. दुसऱ्या नकाशावर ठिपक्यांची गर्दी झाली होती. पहिल्यावर दोन होते.

उकिडवे समितीवर होते, कारण एक आशियाई माणूस हवा होता. मराठी मंडळाचा अध्यक्ष कुमार यानं त्यांचं नाव दिलं. "काका, तुम्हाला वेळ आहे आणि तुम्ही उगाच बोलत नाही," असं तो म्हणाला होता. दुसरं खरं होतं. शहराच्या ड्रेनेज खात्यात तीस वर्षं नोकरी करून उकिडवे निवृत्त झाले, पण मीटिंगमध्ये बोलण्याची धास्ती कधी गेली नाही. आधी ते मनात वाक्य जुळवत, मग ते तपासत, आणि तोंड उघडेपर्यंत विषय पुढं गेलेला असे. घरी येऊन पुस्तक उघडलं की तेच वाक्य फार सुंदर जमे.

आदल्या रविवारी कुमार घरी येऊन बसला होता.

"काका, सिंपल आहे. अपार्टमेंट गेलं की शाळेचं रेटिंग वर. रेटिंग वर तर घरं वर. तुमचंही घर याच झोनमध्ये आहे ना?"

"तिथं आपलीही माणसं राहतात, कुमार."

"आपली म्हणजे टेम्पररी हो! आज इथे, प्रोजेक्ट संपला की न्यू जर्सी. आपण नाही राहिलो अपार्टमेंटमध्ये? आपण केले का नखरे?"

"तू राहिलास ना, तेव्हा तुझ्या मुलाला शाळेतून हाकललं होतं का कोणी?" उकिडव्यांच्या पत्नी शरयूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मावशी, तुमच्याशी आर्ग्यू करण्यापेक्षा मी चहा पितो," कुमार हसला, आणि जाताना दारात उकिडव्यांचा हात दाबून गेला.

तो गेल्यावर शरयूबाई समोर येऊन बसल्या. "अनया त्याच शाळेत शिकते. यतीनला 'द लेक्स'मधलं ते घर तुम्हीच शोधून दिलंत, शाळा चांगली म्हणून. एवढंच सांगते."

यतीन शरयूबाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. व्हिसावर आला, निधी आणि मुलगी अनया मागाहून आल्या. अनयाचं तोवरचं सगळं शिक्षण साताऱ्यात मराठीत झालेलं. पहिले काही महिने ती वर्गात तोंड मिटून बसायची, आणि 'बाथरूमला जाऊ का' हे विचारता येत नाही म्हणून दिवसभर पाणी प्यायची नाही. मग मिस ओर्तेगा तिला रोज आपल्या खोलीत नेऊ लागल्या. इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठीच्या त्या शिक्षिका. खोलीत मेक्सिकन, व्हिएतनामी, तेलुगू सगळी मुलं एका गोल टेबलाशी बसत. दिवाळीपर्यंत अनया शरयूबाईंना बेडकाची गोष्ट वाचून दाखवू लागली. मध्येच त्यांनी मराठीत काही विचारलं तर रागावायची, "आजी, इंग्लिशमध्ये विचार ना!"

ही मुलं एका बाईंपाशी आत्ता कुठं स्थिरावली आहेत. त्यांना हलवू नका.

उकिडव्यांनी आजच्या मीटिंगला हेच वाक्य इंग्रजीत जुळवून आणलं होतं. खुर्चीतून उठून भिंतीपर्यंत जाईतो ते त्यांच्या जिभेवर होतं. मग ते ठिपके समोर आले. दुसऱ्या नकाशावर शेजारच्या डॉक्टरांचा ठिपका होता, चर्चच्या पाद्रीबाईंचा होता, रोज सकाळी फिरताना हात हलवणाऱ्या त्या उंच गृहस्थांचा होता. एवढी सगळी भली माणसं चुकत असतील का? आणि आपण एकटेच बरोबर? उकिडव्यांना आजवर असं कधी वाटलं नव्हतं.

"निम्मी पाठवली तर?" ते म्हणाले.

कोणालाच नीट ऐकू गेलं नाही. मिसेस हॉलंडनी पुन्हा सांगायला लावलं. बिल्डर आणि शहर यांच्या भांडणात त्यांनी जन्मभर हेच केलं होतं, दोघांच्या मध्ये जागा शोधायची. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. अपार्टमेंटच्या मधून पावसाचं पाणी जायला एक चर होता. पाण्यानं जी वाट धरली तीच त्यांच्या पेन्सिलीनं धरली. अलीकडच्या इमारती इथं, पलीकडच्या तिथं.

मिसेस हॉलंड पुढं झाल्या. त्यांनी रेघेकडं पाहिलं, मग आपल्या मदतनिसाला हळू आवाजात काही विचारलं. त्यानं लॅपटॉपवर काही आकडे पाहून मान डोलावली, तशा बाईंच्या चेहऱ्यावर पहाट झाली.

"मित्रहो, यालाच मी समंजसपणा म्हणते."

माणसं उठली, आपापले ठिपके नखानं उचकटून उकिडव्यांच्या रेघेभोवती लावू लागली. पाद्रीबाईंनी उकिडव्यांचा खांदा थोपटला. गाडीपर्यंत जाताना त्यांना तरुण झाल्यासारखं वाटलं.

"निम्मी वाचवली," त्यांनी घरी आल्या आल्या सांगितलं.

"अनया?"

"ती अलीकडेच."

शरयूबाईंनी सुस्कारा सोडला. उकिडवे मात्र बूट काढता काढता थांबले. यतीनची इमारत चराच्या अलीकडे आहे, हे रेघ मारताना आपल्याला खरंच ठाऊक नव्हतं? त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. उत्तर मिळालं नाही. मिळालं असतं तरी त्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न होताच.

तो इतरांना पडला नव्हता. अर्विंगच्या इंडियन दुकानात पद्मिनी भेटली. चराच्या पलीकडं राहायची, निधीची मैत्रीण. तिचा निमिष आणि अनया एकाच बाकावर बसत.

"नमस्कार काका. रेघ छान मारलीत हं," कोथिंबिरीची जुडी झटकत ती म्हणाली. "अगदी तुमच्या भाच्याच्या दारापासून वळवलीत."

"पद्मिनी, तिथं पाण्याचा चर—"

"हो, ऐकलं. पाणी बरोबर आपल्या माणसांना वळसा घालून गेलं." ती हसली. "जाऊ दे काका, तुम्ही मोठे. आमचं काय, आम्ही टेम्पररी."

ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. सकाळी अपार्टमेंटपाशी दोन बस येऊ लागल्या आणि कालपर्यंत एकत्र खेळणारी मुलं दोन फाटकांशी उभी राहू लागली. पहिल्याच आठवड्यात यतीन घरी आला.

"काका, मिस ओर्तेगा नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"आता दोन्ही शाळांत इंग्लिश न येणारी मुलं कमी ना, फुलटाइम टीचर जस्टिफाय होत नाही म्हणे. कोणीतरी वेगळ्या बाई वीकमधून एकदा येतात, अर्धा तास. मिस ओर्तेगांनी दुसरीकडे जॉब घेतला." उकिडव्यांचा चेहरा पाहून तो घाईघाईनं म्हणाला, "पण शाळा तरी राहिली, काका. तुमच्यामुळे. पलीकडच्यांचे हाल बघतोय ना आम्ही."

निघताना तो वाकून पाया पडला. उकिडव्यांना पाय मागे घ्यावेसे वाटले. जागा नव्हती, मागं पुस्तकांचं कपाट होतं.

त्या वर्षी अनया रविवारी यायची ती सोफ्याच्या कोपऱ्यात बसायची. शरयूबाईंनी बेडकाचं पुस्तक पुढं केलं की "नको" म्हणायची. तिसरीत पुस्तकं मोठी झाली होती आणि शेजारी बसून वाचणारं कोणी नव्हतं. उकिडव्यांनी स्वतः शिकवून पाहिलं. पण त्यांचे उच्चार ऐकून ती संकोचून भिंतीकडं बघत राही, आणि तिला संकोच वाटतो म्हणून त्यांनाही वाटे. शाळा कशी चाललीय विचारलं की ती एकच इंग्रजी शब्द बोले.

"फाइन."

वसंतात राज्याची वाचनाची परीक्षा झाली. अनया नापास झाली. उन्हाळ्यात पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. तिला तिसरीतच ठेवायचं ठरलं. त्याच ऑगस्टमध्ये शाळांची रेटिंग जाहीर झाली आणि नव्या शाळेला सर्वांत वरची श्रेणी मिळाली.

कुमारनं त्या आनंदात घरामागं सगळ्यांना जेवायला बोलावलं. उकिडवे प्लेट घेऊन कडेला उभे होते, तिथं तो त्यांना शोधत आला.

"काका, मानलं बुवा तुम्हाला! आम्ही सगळे 'हाकला हाकला' करत बसलो आणि तुम्ही काय गेम टाकला यार!"

"कसला गेम?"

"आता मला पण फसवता? अहो, इंग्लिश न येणाऱ्या मुलांचा वेगळा रिझल्ट धरतात. त्यात ती ढेपाळली की अख्ख्या शाळेचं रेटिंग खाली. पण तेवढी मुलं असली तरच धरतात. कमी असली की तो ग्रुपच नाही. पास होवोत, नापास होवोत, शाळेला काही फरक पडत नाही." त्यानं हात कापल्यासारखा हवेत फिरवला. "तुम्ही मधून कापलंत. इकडे पण ग्रुप नाही, तिकडे पण नाही. सगळी पाठवली असती तर ती जुनी शाळा बोंबलली असती. हॉलंडबाई तर अजून तुमचं नाव काढते."

उकिडव्यांना ते हळूहळू कळलं. त्या दिवशी मदतनिसाला विचारलेला प्रश्न, डोललेली मान, बाईंच्या चेहऱ्यावरची पहाट.

"अनया नापास झाली," ते म्हणाले.

"अरेरे," कुमार मनापासून म्हणाला. "ट्यूशन लावा ना, काका. आमच्या हिच्याकडे, आसावरीकडे, एका चांगल्या टीचरचा नंबर आहे. थांबा, तुम्हाला श्रीखंड आणतो."

सोमवारी सकाळी उकिडवे शाळेत गेले. मुलं यायला अजून अवकाश होता. वर्ग मांडणं चालू होतं. ऑफिसमधल्या बाईंना त्यांनी सांगितलं, प्रिन्सिपलना भेटायचं आहे. त्या मीटिंगमध्ये आहेत, दिवसभर जरा धावपळच आहे, पण मधे पाच मिनिटं मिळाली तर हाक मारते, असं त्या म्हणाल्या. उकिडवे बाहेर पोर्चमध्ये येऊन थांबले. या खेपेला त्यांनी एकच वाक्य आणलं होतं, आणि ते तपासायचं नाही असं ठरवलं होतं. जी मुलं तुम्ही मोजत नाही, तीही रोज शाळेत येतात. त्यांच्या बाईंना परत आणा. ते ओठातल्या ओठात म्हणत होते.

"सर, जरा शिडी धराल का? जमीन उतरती आहे."

शाळेचा सफाई कामगार दरवाजाच्या वर एक लांब निळा कापडी फलक लावत होता. त्याचं वय झालं होतं, आणि एका हातात फलकाचं टोक, दुसऱ्यात ड्रिल. उकिडव्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली. माणूस वर चढला. फलक उलगडला, त्यावर शाळेची श्रेणी हातभर अक्षरांत होती.

"सरळ आहे का, सर?"

उकिडव्यांनी मान मागं टाकून पाहिलं. "डावी बाजू जरा खाली आहे," ते म्हणाले. "अजून थोडी वर."

ड्रिल घरघरू लागलं. विटांची लाल पूड त्यांच्या डोक्यावर, चष्म्यावर पडू लागली. इतक्यात मागचं दार उघडलं आणि ऑफिसमधल्या बाई डोकावल्या. त्यांनी नाव आठवून पाहिलं, जमलं नाही.

"सर! त्या आत्ता मोकळ्या आहेत. पण लगेच यायला हवं."

उकिडव्यांनी वर पाहिलं. तो म्हातारा एका पायावर भार देऊन टोकाला वाकला होता. बाई दार धरून उभ्या राहिल्या, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, थोडं थांबल्या. मग दार आपसूक मिटलं.

उकिडव्यांनी शिडी सोडली नाही. माणूस वर होता.