पहिल्या नंबरचा अर्जदार

कुंतीला कॉम्प्युटरवर नोकरी लागली, तेव्हा ती नेमकं करते काय हे मॉरिशसमधल्या मोंतान्य ब्लांश गावात एकालाही धड सांगता येत नव्हतं. तिचे वडील कृष्णदेव बसस्टॉपवर भेटेल त्याला अभिमानानं सांगायचे, "पोरगी कॉम्प्युटरवर आहे!" ऐकणारा अशी मान डोलवायचा, जणू ती एखाद्या जहाजावर आहे. पुढे विचारायची सोय नव्हती, कारण पुढचं कृष्णदेवांनाही ठाऊक नव्हतं.

काम तसं साधं होतं. पोर्ट लुईच्या एका सरकारी ऑफिसात (नाव सांगून कुणाचं भलं होणार नाही) गरिबांच्या घरांसाठी अर्ज घेतले जात. ज्याचा नंबर आधी, त्याला घर आधी. १९८३ साली ऑफिसात मशीन आलं आणि हे नंबर देण्याचा प्रोग्राम कुंतीनं लिहिला. नवा अर्ज आला की मशीन आतल्या अर्जांमधला सगळ्यात मोठा नंबर शोधी, त्यात एक मिळवी आणि तो नव्या अर्जाला देई. समोर बसलेला क्लार्क पडद्यावर आलेला नंबर पावतीवर लिही, पावती माणसाच्या हातात देई आणि स्थळप्रत आपल्या पुस्तकात ठेवी. बस्स.

पुढच्या वर्षी मार्च संपता संपता अर्ज बंद झाले. मोजदाद झाली. स्थळप्रती सहाशे बारा, मशीनमधले अर्ज सहाशे बारा, शेवटचा नंबरही सहाशे बारा. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून कुंतीनं तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, आणि त्या दिवशी ती बसमध्ये एकटीच हसत बसली होती. हसू द्या. चोवीस वर्षांची मुलगी, पहिली नोकरी, कायम व्हायला चार महिने उरलेले. हसायचं नाही तर काय करायचं?

मे महिन्यात पहिल्या दीडशे घरांची यादी ऑफिसच्या भिंतीवर लागली. शुक्रवारी तिच्यावर सही व्हायची होती. आणि मंगळवारी सकाळी चंपा आली.

चंपा नुव्हेल फ्रांस गावची. पन्नाशीची, विधवा, हातांना भाजीच्या वाफ्यांची माती कायमची बसलेली. सिक्लोनच्या वादळात तिच्या घराचे पत्रे उडाले ते सापडलेच नाहीत. तेव्हापासून सात वर्षं ती भावाच्या घरी स्वयंपाकघराला जोडलेल्या पडवीत झोपत होती. तिनं पदराची गाठ सोडली, घडीवर घडी घातलेली पावती काढली आणि खिडकीतून आत सरकवली.

"बाय, वाचून बघ. ह्यावर निमेरो किती लिवलाय?"

"एकशे त्रेचाळीस, मावशी."

"आनि भिंतीवरच्या पापियेवर एकशे त्रेचाळीसला मानूस कोन हाय? जयदेव. सूयाकचा. मी काय जयदेव दिसतंय?"

कुंतीनं पडद्यावर पाहिलं. एकशे त्रेचाळीस: जयदेव, सूयाक, मच्छीमार. तिनं चंपाचं नाव शोधलं. नव्हतं. पुन्हा शोधलं, वेगळ्या स्पेलिंगनं शोधलं. चंपा नावाची बाई त्या मशीनच्या लेखी जन्मालाच आली नव्हती.

शेजारच्या टेबलावरच्या सत्यदेवनं मान वर केली. अर्ज घेणारा जुना क्लार्क तो, ऑफिसात बारा वर्षं काढलेला. "पावती चुकली असेल," तो म्हणाला. "मशीन कशाला चुकेल?"

"आयो!" चंपा म्हणाली. "मंजे मी चुकले. मशीन शिकलेलं, मी अडाणी. तर मी चुकले." ती ओरडली नाही. खिडकीच्या फळीला धरून तेवढी उभी राहिली. "भावाच्या सुनेला दुसरं पोर होनाराय. पडवी त्यांना लागनार. मी सांगितलं, जुलैपत्तर थांबा, माजं लाकाज, माजं घर मिळतंय. आता काय सांगू?"

कुंतीनं पावती घडी करून परत दिली. ती म्हणाली, "मावशी, गुरुवारी या. मी बघते." आणि बघते म्हटल्यावर बघणं आलंच.

तिनं आधी स्थळप्रतींची पुस्तकं मागवली. चंपाची प्रत रीताच्या पुस्तकात सापडली. रीता म्हणजे दुसऱ्या पडद्यावर बसणारी क्लार्क. नंबर एकशे त्रेचाळीस. जयदेवची प्रत सत्यदेवच्या पुस्तकात होती. नंबर एकशे त्रेचाळीस. तारीखही एकच, आणि ती तारीख कुंतीला चांगली आठवत होती. गर्दी आवरेना म्हणून दुसरा पडदा ज्या दिवशी लावला, तोच तो दिवस.

काय झालं असेल ते तिला तिथेच कळलं. सूयाक आणि नुव्हेल फ्रांस दोन्ही दक्षिणेला; तिकडून येणाऱ्या बसमधून माणसं एकदमच उतरतात. जयदेव सत्यदेवपुढे बसला, चंपा रीतापुढे. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. मशीननं सत्यदेवसाठी सगळ्यात मोठा नंबर पाहिला, एकशे बेचाळीस. सत्यदेवच्या पडद्यावरचा अर्ज लिहून व्हायच्या आत रीतासाठीही पाहिला, तोही एकशे बेचाळीस. दोघांनाही त्यानं इमानदारीत एक मिळवून दिला. मग आधी चंपाचा अर्ज लिहिला गेला, आणि लगेच त्याच जागेवर जयदेवचा. एका ताटावर दोघांना बसवलं आणि मागून आलेल्यानं जेवून टाकलं. यात जयदेवचा दोष नव्हता, चंपाचा नव्हता, मशीनचाही नव्हता. एक पडदा असताना चालणारा प्रोग्राम कुंतीनं दोन पडद्यांना तसाच जुंपला होता.

पण मग एक अर्ज पुसला गेला असेल, तर मोजदाद जुळली कशी? सहाशे बारा स्थळप्रती, तर मशीनमध्ये सहाशे अकराच अर्ज हवेत. सहाशे बारावा आला कुठून?

सत्यदेव खुर्ची सरकवत जवळ आला. माणूस वाईट नव्हता. कुंतीवर त्याची मायाच होती. "हे बघ, पोरी. आकडे जुळलेत. साहेब खूश आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू जाऊन सांगणार की माझा प्रोग्राम चुकला, मग दोन महिन्यांनी तुला कायम कोण करणार? त्या बाईला पुढच्या यादीत घाल."

"पुढची यादी कधी?"

"तीन वर्षं. चारही लागतील."

कुंतीला त्या क्षणी त्याचं म्हणणं पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडताच बसून राहिली. गप्प बसणं किती सोपं होतं! कुणी विचारणार नव्हतं. चंपाजवळ एक चुरगळलेली पावती, आणि इकडे तिन्ही आकडे एकमेकांची साक्ष द्यायला तयार. पण तो सहाशे बारावा तिला बसू देईना. तिनं सगळी यादी छापायला लावली, आणि एकेका स्थळप्रतीवर टिंब देत ती वरून खाली यायला निघाली.

यायची वेळच आली नाही. पहिल्याच ओळीवर तिचं पेन थांबलं.

एक: श्री गणेश.

पत्ता कोरा. धंदा कोरा. घरात माणसं किती, कोरं.

कुंतीनं कपाळाला हात लावला. हा अर्ज तिनंच घातला होता, मशीन आलं त्या दिवशी. फाइल रिकामी, त्यामुळे सगळ्यात मोठा नंबर शोधायला गेलेला प्रोग्राम तिथेच अडकून बसे. काहीतरी एक आत असणं भाग होतं. दुसऱ्या कुणी तिथे टेस्ट लिहिलं असतं, नाहीतर शून्य ठेवलं असतं. पण कुंती कृष्णदेवांची मुलगी. कृष्णदेव गावच्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या मराठी लोकांच्या संस्थेचे, चिटणीस, आणि मंडळीच्या प्रत्येक वहीत, मग ती सभासदांची असो, मराठीच्या वर्गाची असो की सणाला भांडी नेणाऱ्यांची, पहिला नंबर गणपतीचा. माणसं दोनपासून. एक नंबर घ्यायला गावात कुणी धजत नसे. तिच्या बोटांनी सवयीनं तेच केलं, आणि ती विसरून गेली. भिंतीवरच्या यादीच्या माथ्यावर ते नाव होतं, तेही तिला नेहमीचा मथळाच वाटलं होतं. सरकारी मशीनचा तिनं अक्षरशः श्रीगणेशा केला होता.

म्हणजे एक माणूस पुसला गेला आणि एक देव जास्त होता. हिशेब बरोबर.

ती हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आता कळलेलं न कळल्यासारखं करता येणार नव्हतं. साहेबांपुढे जाऊन तिला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, माझा प्रोग्राम चुकला. दोन, सरकारी घरांच्या यादीत मी गणपतीला बसवलं. पहिल्या गोष्टीनं नोकरी गेली असती, दुसरीनं अब्रू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी ती उठली. चंपाची ती फळीला धरलेली बोटं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

साहेबांना सगळे मस्ये लागेस म्हणत, म्हणजे लागेससाहेब. उंच, सडसडीत, कमी बोलणारा क्रिओल गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खण उघडून एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"मिस्टर श्री गणेश," ते क्रिओल भाषेत म्हणाले. "घर मंजूर झाल्याचं पत्र. टाइप होऊन चार दिवस झाले. शुक्रवारच्या सहीनंतर पाठवायचं, पण पत्ताच नाही. मी सगळ्यांना विचारलं, हा माणूस राहतो कुठे? तुला नव्हतं विचारलं."

कुंतीनं पाकीट आपल्याकडे ओढून घेतलं.

"आकडे जुळत होते," साहेब म्हणाले. "मग तू खोदत का बसलीस?"

"त्या बाईंच्या हातातला कागद जुळत नव्हता, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे सगळं लिहून दे आणि खाली सही कर. तुला कायम करण्याचं सहा महिने पुढे जाईल, ते मला टाळता येणार नाही. आणि प्रोग्राम?"

"दोन दिवस द्या. आता नंबर मोठ्यातला मोठा शोधून काढायचाच नाही. पुढचा नंबर एका वेगळ्या जागी ठेवायचा. ज्यानं हात घातला त्यानं तो उचलून नेईपर्यंत दुसऱ्यानं दाराबाहेर थांबायचं. आधी नंबर हातात, मग अर्ज."

"कोरेक," साहेब म्हणाले. बरं, ठीक. मग त्यांनी यादी पुढे ओढली. घरं दीडशे. खरी माणसं दोनपासून दीडशेपर्यंत एकशे एकोणपन्नास, आणि चंपा धरून बरोबर दीडशे. कुणालाही काढायची गरज नव्हती. साहेबांनी पट्टी घेऊन पहिल्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि वर चंपाचं नाव लिहिलं. कुंती बाहेर आली आणि थेट मशीनपुढे जाऊन बसली. सहा महिने तर सहा महिने, पण नोकरी होती.

गुरुवारी चंपा आली ती दाराशीच थांबली. कुंतीनं तिला आत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि सगळी हकिगत सांगितली, स्वतःची चूकही न गाळता. मग सहीचा कागद पुढे केला. चंपानं कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा एक हाय."

"हो मावशी. तुमचा नंबर एक."

चंपानं चटका बसल्यासारखं बोट मागं घेतलं. "नाय बाय. एक नको. तो देवाचा. आमच्या मंडळीत एक कोनी घेत नाय."

"आमच्याकडेही नाही घेत."

"मग मला कशाला देतेस? दुसरा कुटला तरी दे. दीडशेवा दे."

"दुसरा नाही, मावशी. रिकामा तेवढा हाच आहे."

चंपानं हात मांडीवर घेतले. सत्यदेवनं डोळे फिरवले; घर मिळतंय आणि बाई नंबर नाकारते, असलं त्यानं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. कुंतीनं मात्र घाई केली नाही. तिला ते आतून कळत होतं, म्हणूनच ती खुर्ची ओढून चंपाजवळ बसली.

"मावशी, ज्या दिवशी तुमचं नाव पुसलं गेलं, त्या दिवशी तुमची जागा गेलीच होती. मलाही कळलं नाही, साहेबांनाही नाही. इतके महिने ती कुणी धरून ठेवली? तो नसता, तर ती जागा दुसऱ्या कुणाची झाली असती, आणि मग मी तुम्हाला कुठून दिली असती? तुम्ही त्याचं काही घेत नाही. तुम्ही येईपर्यंत तो तुमच्या जागेवर बसून होता."

चंपानं कागद जवळ ओढला. मग तिनं पदराला हात पुसले, पेन मुठीत धरलं आणि मंडळीच्या रविवारच्या मराठी वर्गात शिकलेल्या अक्षरांत, एकेक काना मोठा काढत, आपलं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर ती मोठ्यानं रडली. ऑफिसभर ऐकू गेलं.

"चावी कदी?" तिनं नाक पुसत विचारलं.

"जुलैमध्ये."

"आनि चतुर्थी?"

"ऑगस्ट संपता संपता."

"सात वर्सं भावाच्या गनपतीला हात जोडले," चंपा म्हणाली. "पडवीत देव बसवता येतोय काय? औंदा त्याला सांग, दीड दीस माज्याकडं ऱ्हायाचं. आनि तू पन ये, बाय. बापाला घेऊन ये. पाट तुज्या हातानं मांड."